शुक्रवारी लाइट नसते

शुक्रवारी दहा ते चार लाइट नसते,
आणि एप्रिलात आमच्या ढोकाळीच्या दोन खोल्यांत
भिंतीला हात लावला तरी चटका बसतो.
म्हणून आम्ही मॉलमध्ये जातो.
घ्यायचा असतो तो फक्त गारवा,
त्याचं बिल अजून तरी येत नाही.

दाराशी बॅग उघडतो खरात, परतूरचा.
आत दोन डायपर, नाचणीसत्त्वाचा डबा,
एकाच पायाचा मोजा,
रुमालात जुईचा अर्धा खाल्लेला राजगिऱ्याचा लाडू.
तो एकेक वस्तू गंभीरपणे बघतो,
लाडवापाशी जरा थांबतो
आणि म्हणतो, जा ताई.

जुई पाच वर्षांची. आमचा करार आहे:
सरकत्या जिन्याच्या तीन फेऱ्या,
झुकझुक गाडीकडे नुसतं बघायचं.
दीडशे रुपयांत दोन चकरा मारणाऱ्या त्या गाडीला
ती दर वेळी हात करते,
सुट्टी संपवून निघालेल्या पाहुण्यांना करावा तसा.

दुसऱ्या मजल्यावर बाळाला पाजायची खोली आहे.
दारावर बाटलीचं चित्र.
आत मॉप, फिनेलचे कॅन,
आणि डिसेंबरातला सांताक्लॉज
भिंतीकडे तोंड करून उभा.
त्याच्या शेजारच्या स्टुलावर मी बसते.
नचि पिता पिता त्याच्या लाल पाठीकडे बघत राहतो.
बादली न्यायला आलेली बाई म्हणते,
बसा हो, मला कुठं घाई आहे,
आणि दारात पाठ करून उभी राहते,
पडद्याच्या जागी.

मग मी त्याला खाली सोडते.
घरी सोडायचं कुठे? पलंग, मशीन,
जुईची सायकल, गव्हाचं पिंप.
इथे एवढी मोठी फरशी
पुसून पुसून आरसा झालेली,
आणि अकरा वाजता तिच्यावर कुणीच नाही.

त्या दिवशी तो
बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाचं शटर धरून उभा राहिला.
शटर खडखडलं. त्याला गंमत वाटली.
पुन्हा खडखडवलं.
आणि सोडलं.

एक.

मग बराच वेळ काहीच नाही.
काठोकाठ भरलेली कळशी
कुणी नुकतीच डोक्यावर घेतलीय, तसा उभा.
मग दोन, तीन,
चौथं खरातच्या बुटावर.

खरात हलला नाही.
वॉकीटॉकीतून कुणीतरी ओरडत होतं, पार्किंग बी, पार्किंग बी.
त्याने आवाज कमी केला.
पहिलंच का, म्हणाला.
मी मान हलवली.
म्हणाला, आमच्या पोरीचं मी फोनवर बघितलं.
रेंज नव्हती.
निघाली तेवढं दिसलं,
पोचली ते नाही.

मी शैलेशला दाखवायला कॅमेरा उघडला होता.
बंद केला.

जुईशी नवा करार करावा लागला.
महागात पडला: झुकझुक गाडी, पूर्ण दोन चकरा.
डब्याच्या खिडकीतून ती मला हात करत होती
आणि नचि माझ्या कडेवर,
पाय झाडत, खाली उतरव म्हणून.

लाइट चारऐवजी सातला आली.
साडेआठला शैलेश आला,
आणि तो बूट काढत असतानाच
नचिने फ्रिज सोडला.

अगं, अगं ये, ये बाहेर! पहिलं पाऊल!
समोरच्या म्हात्रेकाकू लाटण्यासकट धावत आल्या.
मी पोळी तव्यावर तशीच टाकून आले
आणि थक्क झाले.
बऱ्यापैकी जमलं.

एका पायात बूट, एका पायात मोजा,
शैलेश गुडघ्यांवर, दोन्ही हात पसरून,
आणि तो पोचला, धडकला, तिथेच बसला.

कोपऱ्यात जुई
भिंतीकडे तोंड करून उभी होती,
दोन्ही हात तोंडावर,
खांदे हलताहेत.